पाषाणातील अरण्ये

नागपूर शहराच्या परिसरातील टाकळी येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने काळ्या कातळाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून फळे, बिया आणि अश्मीभूत काष्ठांचे तुकडे गोळा करून त्यांचे वृत्त विद्वानांपुढे मांडले, तेव्हापासून विदर्भ व त्याच्या उत्तरेचा मुलूख हा लुप्त अरण्यांच्या अभ्यासकांना वारंवार आपल्याकडे ओढून घेत आला आहे. आज जेथे कापूस आणि ज्वारी पिकते, तेथे सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्ह्याचे पूर येत होते. एक पूर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो दीर्घ काळ जाई, त्यात तळी साचत, माती तयार होई आणि वने वाढत. पुढचा पूर आला म्हणजे तीच वने गाळासह त्याच्याखाली जात. या थिजलेल्या लाव्ह्याच्या, म्हणजे दक्षिण ट्रॅपच्या, थरांमध्ये सापडणारे हे गाळाचे पट्टे म्हणजे त्या वनांचे उरलेले दप्तर होय.

लाकूड हा नाशवंत पदार्थ आहे. पण उन्मळलेला वृक्ष तळ्याच्या चिखलात त्वरित पुरला गेला आणि प्राणवायूचा संपर्क तुटला, तर त्याचे कुजणे मंदावते. अशा स्थितीत लाव्हा आणि ज्वालामुखीची राख यांतून झिरपणारे सिलिकायुक्त पाणी काष्ठाच्या प्रत्येक कोशिकेत शिरते, तेथे सिलिकेचा साका धरतो, आणि कालांतराने मूळ द्रव्य बहुतांशी नाहीसे झाले तरी कोशिकांची भित्ती, वाहिन्यांची मुखे व मज्जाकिरणांच्या रेषा या साऱ्यांचा घाट पाषाणात जसाच्या तसा राहतो. अभ्यासक अशा काष्ठाची चकती हिरकणीच्या पात्याने कापतात, ती काचेवर चिकटवून मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश जाडीपर्यंत घासतात, आणि मग तिच्यातून प्रकाश आरपार जाऊ लागला की सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद व दोन प्रकारचे उभे छेद असे तिन्ही अंगांनी तिचे निरीक्षण करतात. एवढ्या सामग्रीवरून वृक्षाचे कुल, आणि पुष्कळदा आजचा त्याचा निकट आप्तही, निश्चित करता येतो.

हवामानाचा दाखला मिळतो तो मुख्यतः वाढीच्या वलयांतून. जेथे थंडी किंवा कोरडा ऋतू वृक्षाची वाढ दरसाल रोखून धरतो, तेथे वलये ठळक उमटतात. जेथे बारमाही ऊब आणि ओलावा असतो, तेथे ती अस्पष्ट राहतात अथवा मुळीच दिसत नाहीत. या बाबतीत विदर्भाची भूमी विलक्षण बोलकी आहे. नागपूरजवळच्या कामठी गावाचे नाव ज्या खडकांना मिळाले, त्या सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मांच्या काळातील काष्ठांमध्ये वलये स्वच्छ उमटलेली आढळतात. कारण त्या वेळी भारत हा अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांच्याशी जोडलेल्या गोंडवन महाखंडाचा भाग असून दक्षिणेच्या उच्च अक्षांशांत होता, आणि तेथील ऋतूंमध्ये मोठा भेद होता. त्याच भूमीवरील लाव्ह्याच्या काळातील पुष्कळ काष्ठांत मात्र वलये पुसट आहेत किंवा नाहीत. मधल्या काळात भारत महाखंडापासून तुटून उत्तरेकडे सरकत होता. तो अद्याप विषुववृत्ताच्या दक्षिणेसच होता आणि आशियाला भिडण्यास त्याला बराच अवधी होता, परंतु उष्ण कटिबंधाची हवा त्याला लाभली होती.

केवळ वलयांवर निवाडा करणे मात्र शास्त्राला मान्य नाही, कारण ओढ्याकाठचा वृक्ष कोरड्या ऋतूतही तृप्त असतो. म्हणून अभ्यासक अनेक वृक्षांची साक्ष घेतात आणि तिला फळे, बिया व परागकण यांची जोड देतात. ताडमाडांच्या खोडांत वार्षिक वलये नसतातच. पण त्यांचा शेंड्याचा कोंब कडाक्याच्या हिमाने मरतो, आणि म्हणून अश्मीभूत ताडांचे वैपुल्य हाच सौम्य हिवाळ्याचा पुरावा ठरतो. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथे नीपा या ताडाची फळे मिळाली. हा ताड आज खाड्यांच्या चिखलात, भरतीचे पाणी पोचते तेथे वाढतो. त्यावरून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी असा निष्कर्ष काढला की समुद्राचा एखादा फाटा तेव्हा मध्य भारतात आत शिरलेला असला पाहिजे. याच साहनींनी लखनौ येथे पुरावनस्पतिशास्त्राची संस्था स्थापिली. तिच्या इमारतीची कोनशिला 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि आठवड्याभरातच साहनींचे निधन झाले; पण त्यांनी घालून दिलेली अभ्यासाची परंपरा आजही तेथे चालू आहे.

दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ येथील अश्मीभूत वृक्षांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी धर्मेंद्र प्रसाद यांनी, आणि 1983 साली त्या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील अनेक वृक्षांचे आप्त आज त्या टापूत आढळत नाहीत. ते पश्चिम घाटाच्या व ईशान्य भारताच्या सदाहरित वनांत आहेत. सालवृक्ष आणि पानझडीची झाडे वाढणारा तो मुलूख एके काळी कितीतरी अधिक आर्द्र होता, हे याहून निःसंदिग्धपणे सांगणारा पुरावा मिळणे कठीण.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधम येथे अश्मीभूत काष्ठे आणि डायनासोरांचे अवशेष यांचे उद्यान आहे; त्याची जपणूक आणि विदर्भातील शाळांच्या सहलींचा तिकडे राबता, या दोन्ही गोष्टी अगत्याच्या आहेत. शेताच्या बांधावर अथवा नाल्याच्या काठी सापडलेले असे लाकूड शोभेसाठी उचलून नेले, की ते कोणत्या थरातले हे कळण्याचा मार्ग बंद होतो, आणि त्याबरोबर त्याचे निम्म्याहून अधिक मोल जाते. वाचकांस विनंती एवढीच, की असा दगड दिसल्यास तो जागेवरच राहू द्यावा, त्याचे छायाचित्र घ्यावे, गाव व शिवार नोंदवावे आणि नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागास तसे कळवावे.