हरवलेले लिंगवचन

मराठी मातृभाषा असलेला मनुष्य स्पॅनिश शिकू लागला, म्हणजे लवकरच त्याच्या वहीत एक ठरावीक चूक उमटते. आणि ती इतकी अर्थपूर्ण आहे की, तिच्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबून तिचे मूळ शोधावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. ‘मी पत्रे लिहिली आहेत’ एवढेच त्याला सांगावयाचे असते. ‘कार्तास’, म्हणजे पत्रे, हे नाम त्या भाषेत स्त्रीलिंगी व अनेकवचनी. तेव्हा ‘लिहिली’ हा शब्दही त्याच रूपात हवा, या समजुतीने तो ‘ए एस्क्रितास लास कार्तास’ असे लिहून मोकळा होतो. आजचा दंडक मात्र ‘ए एस्क्रितो लास कार्तास’ असा आहे. पत्र एक असो वा शंभर, लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, ‘एस्क्रितो’तला अखेरचा ओकार जागचा हलत नाही.

नवल असे की, हेच धातुसाधित, म्हणजे धातूपासून घडलेले रूप, विशेषण म्हणून नामाशेजारी आले, की त्याच्या लिंगवचनाशी तंतोतंत जुळवून घेते. उघडे पुस्तक ‘लिब्रो आबिएर्तो’, उघडे दार ‘पुएर्ता आबिएर्ता’, अनेक दारे उघडी असली तर ‘पुएर्तास आबिएर्तास’. दार उघडे आहे असे ‘एस्तार’ने सांगा किंवा ते कोणाकडून उघडले गेले असे ‘सेर’ने सांगा, जुळणी कायम राहते. केवळ ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाच्या संगतीत, संयुक्त काळांत, ती लोप पावते.

याचे कारण लॅटिनमध्ये सापडते. तेथे ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्या ताब्यात आहे’. ‘एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ’ या वाक्याचा मूळ अर्थ ‘लिहिलेले असे पत्र माझ्याजवळ आहे’ इतकाच. ‘स्क्रिप्ताम’ हे पत्राचे विशेषण, म्हणून पत्राप्रमाणेच स्त्रीलिंगी. ते कोणी लिहिले याविषयी वाक्य मूक असे. परंतु ज्याच्या दप्तरात लिहून तयार असलेला कागद आहे, त्यानेच तो लिहिला असावा, हे अनुमान ऐकणाऱ्याच्या मनात वारंवार उठत गेल्यामुळे मालकीचा अर्थ मागे सरला आणि पूर्ण झालेल्या कृतीचा अर्थ पुढे आला. पुढे स्पेनमध्ये मालकीचा कारभार ‘तेनेर’ या दुसऱ्या क्रियापदाने हाती घेतला, ‘आबेर’ निव्वळ साहाय्यक उरले, आणि ज्याचे वर्णन करावयाचे ते नामच दूर गेल्यावर धातुसाधिताची जुळणीही सुकून गेली. सुमारे 800 वर्षांपूर्वीच्या, ‘सिद’ या स्पॅनिश वीरावरील काव्यात जुळणी पाळणारी रूपे आढळतात, तेव्हा आपल्या विद्यार्थ्याची चूक त्या काळी चूक ठरली नसती. 1492 साली सालामांकाहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश, व्याकरणात आंतोनियो दे नेब्रिहाने मात्र ‘आबेर’सोबतच्या या अविकारी रूपाला सामान्य धातुसाधितापासून वेगळे काढून शब्दांची एक स्वतंत्र जात मानली. कानाला रोज ऐकू येणारी गोष्ट लॅटिनच्या चौकटीत बसत नाही असे दिसताच चौकट वाढविण्याचे त्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. जुनी जुळणी ‘तेनेर’पाशी अद्याप जिवंत आहे: ‘तेंगो एस्क्रितास लास कार्तास’, म्हणजे आपल्या मराठीत ‘मी पत्रे लिहून ठेवली आहेत’.

आपल्या मराठीचा भूतकाळ तर मुळातच धातुसाधितातून जन्मला. संस्कृतातील ‘गत’ला प्राकृतात ‘इल्ल’ प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून ‘गेला’ सिद्ध झाला. म्हणूनच ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद रामाकडे न पाहता पोळीकडे पाहते. संस्कृतातील हा ‘त’ आणि लॅटिनमधील ‘तुस्’ एकाच आदिम प्रत्ययाची अपत्ये होत. स्वरांच्या मध्ये सापडलेला लॅटिन ‘त’ स्पॅनिशमध्ये मृदू होऊन ‘द’ झाला, म्हणून दिलेले ते ‘दादो’, आपल्या ‘दत्त’चा सगोत्र; व्यंजनाच्या आश्रयाला असलेला ‘त’ मात्र ‘आबिएर्तो’, ‘मुएर्तो’, ‘एस्क्रितो’ यांत टिकला, आणि आज विद्यार्थ्यांना अनियमित म्हणून पाठ करावी लागणारी कित्येक रूपे या रीतीने पूर्वीच्या नियमाचीच साक्ष देतात.

विशेषणाचे नाम गळून पडले की ते स्वतःच नाम होऊन बसते. मीठ लावलेली ती ‘एन्सालादा’, म्हणजे कोशिंबिरीसारखा पदार्थ. गोठविलेले ते ‘एलादो’, म्हणजे आइस्क्रीम. शस्त्रसज्ज केलेली ती ‘आर्मादा’. हेच शेवटचे रूप पोर्तुगीजांच्या तोंडून कोकण किनाऱ्यावर येऊन ‘आरमार’ झाले, असे मानले जाते. सर्वांत अद्भुत प्रवास ‘नादा’ या शब्दाचा. लॅटिनमध्ये ‘रेस नाता’ म्हणजे ‘जन्मलेली वस्तू’. जन्मलेली एकही वस्तू नाही, अशा नकारार्थी वाक्यांत ती पुन्हा पुन्हा येत गेली, मग ‘वस्तू’ गळाली, एकटी ‘जन्मलेली’ उरली, आणि शेजारच्या नकाराचा रंग तिला असा चढला की आज स्पॅनिश मनुष्य ‘नादा’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘काहीही नाही’ असा होतो. संस्कृतात या ‘नाता’ची सख्खी बहीण आहे ‘जाता’.