रक्त थांबलं म्हणजे हिरडी बरी झाली?

"मशेरी लावली की हिरड्या आवळतात, रक्त थांबतं." बुलढाणा जिल्ह्यात खामगावपासून मेहकरपर्यंत कुठल्याही दातांच्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. पंचाईत अशी की, त्यात थोडं तथ्य आहे. मशेरीच्या तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रोजच्या चोळण्याने हिरडीची वरची त्वचा जाड होते, त्यामुळे रक्त कमी दिसू शकतं. आतला दाह मात्र चालूच राहतो. फक्त त्याची खूण झाकली जाते. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले. म्हणजे ही झाकलेली हिरडी घरोघरी आहे.

आत काय चालतं? हिरडी दाताला चिकटवून ठेवणारा पेशींचा थर अगदी पातळ असतो. दाताच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला की दोन-चार दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, मग लिम्फोसाइट, आणि काही आठवड्यांत प्लाझ्मा पेशी मुक्कामच ठोकतात. फायब्रोब्लास्ट पेशी कोलाजेनचे धागे विणत असतात, पण पांढऱ्या पेशींतून सुटलेली विकरं ते त्याहून वेगाने तोडतात. काही जणांत गोष्ट इथेच थांबत नाही. हिरडी चिकटवणारा पेशींचा थर मुळाच्या दिशेने खाली सरकतो आणि दात-हिरडीत खोल फट पडते. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटरची. आजारात त्याहून खोल, आणि आतून जागोजागी सोललेली. ब्रश लागताच रक्त येतं ते तिथून. पुढे याच दाहातले संदेश हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतात. लोक म्हणतात, "किड्यांनी हाड खाल्लं." खरं तर जंतू चिथावणी देतात, हाड झिजवतात आपल्याच पेशी.

मग रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करावा का? डेन्मार्कमधल्या आरहूस इथे १९६५ साली संशोधक हॅराल्ड लो यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं थांबवायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येतंय तिथे मऊ ब्रश आणखी नीट फिरवायचा.

"वय झालं की दात पडणारच" हाही असाच गैरसमज. श्रीलंकेतल्या ४८० चहामळा-मजुरांना दातांची कसलीच सेवा मिळत नव्हती. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्यावरच्या अभ्यासात सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, तर ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. परिस्थिती एकच, पण निकाल वेगवेगळे.

शेगाव-संग्रामपूरकडचे लोक हिरडीच्या आजाराचा दोष खारपाणपट्ट्याच्या खाऱ्या पाण्याला देतात. ते पाणी इतर कारणांसाठी बदनाम आहेच, पण हिरडीच्या दाहाचं मूळ दातावरच्या जंतूंच्या थरात आहे.

आणि डॉक्टरकडच्या सफाईने दात हलतात? दगडासारखं जमलेलं किटण निघालं, सूज ओसरली की दातांमध्ये आधीच पडलेल्या फटी दिसू लागतात, म्हणून तसं वाटतं, एवढंच. सफाईनंतर हिरडी पुन्हा दाताला चिकटते, गेलेलं हाड मात्र बहुधा परत येत नाही. मधुमेह असेल तर हा उपचार टाळू नये. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात आणणं अवघड करते. मशेरी लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: हिरडीवर पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर तिथे चूर्ण चोळत न बसता डॉक्टरला दाखवावं.