आहेरातल्या सुटिंगचा घरगुती ड्रेस

लग्नाच्या आहेरात आलेले सुटिंग अनेक कपाटांत वर्षानुवर्षे पडून असते. रांधा-सिल्वासाकडे थंडी बेताचीच, त्यामुळे त्यातले पातळ लोकरी कापड ड्रेसला उत्तम. लोकर ओळखायला काठाचा धागा जाळावा: केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. टेरीवूलमध्ये दोन्ही खुणा दिसतात.

बेतण्याआधी कापडावर ओलसर सुती फडके ठेवून इस्त्री दाबावी आणि उचलावी. घासली तर कापड ताणते, शिवाय चकाकीही येते. ही वाफ टाळली तर शिवलेला ड्रेस नंतर आटतो. लोकर अंगाला टोचते, म्हणून मलमलसारखे मऊ अस्तर लावावे (तेही आधी भिजवून). छातीच्या मापात ३ ते ४ इंच सैलपणा ठेवावा. तयार ड्रेस गरम पाण्यात धुऊ नये.