आपल्या गावाचा इतिहास

इतिहास हा शब्द कानी पडताच राजे, लढाया व तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या गावात लढाई झाली नाही, ज्याचे नाव कोणत्याही बखरीत आले नाही, त्या गावाला इतिहास कोठून असणार, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. रान तोडून ज्यांनी पहिले शेत केले, ओढा अडवून ज्यांनी पाणी साठविले, दुष्काळातही ज्यांनी पुढच्या वर्षाचे बियाणे जपून ठेवले, त्यांच्या कर्तृत्वाची हकीकत हाही इतिहासच होय. मात्र हा इतिहास छापलेला मिळत नाही. तो शोधावा लागतो. तो कसा शोधावा, हे गोंदिया जिल्ह्यातील एका गावाचे उदाहरण घेऊन पाहू.

गावाच्या इतिहासाला तीन साक्षीदार असतात. पहिला साक्षीदार गावची जमीन, दुसरा लोकांची आठवण आणि तिसरा कागद. न्यायाधीश ज्याप्रमाणे एकाच साक्षीवर निकाल देत नाही, त्याप्रमाणे इतिहास शोधणाऱ्यानेही या तिघांचे म्हणणे ऐकून घ्यावे व ते ताडून पाहावे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध नावाचे गाव आहे. गावाजवळ सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा एक तलाव पसरलेला आहे. त्याच्या भोवताली टेकड्या व दाट रान आहे. प्रथम पाहणाऱ्यास हे सरोवर निसर्गानेच निर्माण केले असावे असे वाटते. परंतु पाळीवर उभे राहून नीट निरीक्षण केले, म्हणजे माणसाच्या बुद्धीची व श्रमांची खूण पटते. टेकड्या म्हणजे निसर्गाने उभारलेल्या भिंतीच होत. त्यांच्यामधील मोकळ्या जागा मातीने भरून काढल्या, की वरच्या रानातून येणारे पाणी आपोआप अडते. थोड्या श्रमात अधिक पाणी कोठे साठेल, हे ज्याने प्रथम हेरले, तो मनुष्य या भूमीचा चढउतार पुरता जाणणारा असला पाहिजे. अशा रीतीने जमीन आपली साक्ष देते.

गावाचे नाव हीदेखील जमिनीचीच साक्ष आहे. ‘नवेगाव’ म्हणजे नव्याने वसलेले गाव, आणि ‘बांध’ म्हणजे पाणी अडविणारी पाळ. वस्ती आणि पाणी यांचे नाते या एका नावात साठविले आहे. याच जिल्ह्यात ‘सडक अर्जुनी’ आहे. नागपूर-रायपूर हमरस्त्याच्या सान्निध्यामुळे दुसऱ्या अर्जुनीपासून ही अर्जुनी वेगळी ओळखता येते. ज्या वस्तीच्या नावाच्या शेवटी ‘टोला’ किंवा ‘टोली’ येते, ती बहुधा मूळ गावातून फुटून निघालेली असते. गावाच्या नावाप्रमाणेच शेतांना, बांध्यांना, बोड्यांना व पाणंदींनाही नावे असतात. नकाशात ती आढळत नाहीत. ती शेतकऱ्याच्या तोंडी असतात. एखाद्या कोरड्या शेताला लोक ‘बोडी’ म्हणत असतील, तर तेथे पूर्वी पाणी साठत होते काय, याची चौकशी अवश्य करावी.

ही पद्धत केवळ आपल्याच देशात उपयोगी पडते असे नाही. इंग्लंडमध्ये हॉस्किन्स नावाच्या इतिहासकाराने १९५५ साली इंग्लंडच्या भूदृश्याच्या घडणीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शेताचे कुंपण, वळणे घेत जाणारी गाडीवाट, कुरणातून अजूनही दिसणारे जुन्या नांगरटीचे वरंबे, ही सारी इतिहासाची साधनेच आहेत, असे त्याने दाखवून दिले. त्या कुरणांतील वरंबे किंचित बाकदार असतात. बैलांचा लांब ताफा शेताच्या टोकाशी वळविण्यासाठी नांगरणारा आधीपासूनच वळण घेई, म्हणून तो बाक आला. ते बैल गेले, नांगरणारे गेले. पण शेकडो वर्षांनंतरही त्यांच्या वळणाची रेषा जमिनीवर राहिली आहे. आपल्या बांध्या व पाट याच दृष्टीने पाहावयास हवेत.

आता दुसऱ्या साक्षीदाराकडे वळू. नवेगावबांधच्या भोवतालच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. तलाव बांधण्याच्या कामी या सात बहिणींनी कोलू पाटलांना साहाय्य केले, अशी लोकांची श्रद्धा आहे. ज्यांनी तलाव बांधला ते कोलू पाटीलच पुढे ‘कोलासुर’ या नावाने देवपदाला पोचले. ही कथा ऐकून कोणी हसेल. पण पाळीवरून दिसणाऱ्या देखाव्याशी ती जुळवून पाहा. टेकड्यांच्या आधारावाचून हा बांध उभा राहिला नसता, हे जमीन सांगते. बहिणींच्या मदतीने बांध उभा राहिला, हे कथा सांगते. दोन्ही साक्षी एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात. दंतकथा ही जशीच्या तशी खरी नसते, पण म्हणून ती टाकाऊही नसते. आपल्याला पाणी देणाऱ्या माणसाविषयी गावाला काय वाटत होते, हे कागदापेक्षा तीच अधिक चांगले सांगते.

मौखिक परंपरेचे दुसरे थोर उदाहरण सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे आढळते. तेथील गुहा गोंड समाज आपल्या दैवतांचे मूळ स्थान मानतो, आणि माघ पौर्णिमेला दूरदूरचे यात्रेकरू तेथे जमतात. गोंडांच्या देवांची व लिंगोची कथा पिढ्यान्‌पिढ्या मुखानेच चालत आली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती उतरवून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली. परंतु ती टिकविली गाणाऱ्यांनी, हे विसरता कामा नये.

वृद्ध माणसांना इसवी सन विचारला, तर तो त्यांना सांगता येईलच असे नाही. त्यांना घटना आठवतात. म्हणून प्रश्न घटनेला धरून विचारावा. ‘ही विहीर बहात्तरच्या दुष्काळापूर्वीची की नंतरची?’ ‘मालगुजारी गेली तेव्हा तुम्ही केवढे होता?’ अशा प्रश्नांनी काळ निश्चित करता येतो. कारण मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र सावध राहावे. कोणी ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हटले, तर तो इसवी सन १९५६ समजू नये. तो विक्रम संवत १९५६ होय, आणि त्यातून ५७ वजा केले म्हणजे १८९९ हा इसवी सन येतो. उलटपक्षी, शिलालेखावर किंवा जुन्या कागदावर शक दिलेला असेल, तर त्यात ७८ मिळवावे लागतात.

तिसरा साक्षीदार कागद. इंग्लंडमधील प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मे, विवाह व अंत्यविधी यांची नोंद ठेवावी, असा हुकूम १५३८ साली निघाला. त्यामुळे तेथील सामान्य शेतकऱ्यालाही आपल्या घराण्याचा माग लागतो. आपल्याकडे इतक्या जुन्या नोंदी गावोगावी नाहीत. परंतु आपण अगदीच निष्कांचन नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये नवेगावच्या तलावाचा उल्लेख असून, अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे म्हटले आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथातही कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याचे वर्णन आहे. याखेरीज जमाबंदीचे जुने कागद असतात. त्यांतील निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांत गावकऱ्यांचे जळणावरील, चराईवरील व पाण्यावरील हक्क लिहिलेले असतात. जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदी ‘कोतवाल बुका’त सापडतात. आणि आपल्या शाळेतील दाखलखारीज रजिस्टर हे तर गावाच्या कुटुंबांचे पुस्तकच होय. कोणत्या वर्षी प्रथम मुली शाळेत आल्या, कोणती मुले मध्येच शाळा सोडून गेली, हे त्याच्या पानांवरून कळते.

कागद शोधताना राज्यकारभारातील स्थित्यंतरे ध्यानात ठेवावी. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणून गोंदियातील खेड्याचा जुना कागद पाहावयाचा असेल, तर तो ‘भंडारा जिल्हा, मध्यप्रांत’ अशा मथळ्याखाली शोधावा लागतो.

कागदांचे मोल महाराष्ट्राला शिकविले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांतील रुमाल सोडवून त्यांनी कागद गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. कसर व वाळवी यांच्या तोंडून त्यांनी जे सोडविले, तेवढे आज आपल्या हाती आहे. जे राहून गेले, ते कायमचे गेले.

परंतु कागदही सर्व काही सांगत नाही. कागदावर पाटलाचे नाव येते, मालगुजाराचे नाव येते. डोक्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे येत नाहीत. त्यांची आठवण ठेवावयाची असेल, तर लोकांनाच विचारले पाहिजे. तसेच ऐकीव गोष्टही तपासून घ्यावी. दगडी मंदिर दिसले की लोक त्याला ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाडपंत तेराव्या शतकातील यादवांचे मंत्री. पण त्या घडणीची मंदिरे त्यांच्या पूर्वीही बांधली जात होती. तेव्हा नुसत्या या शब्दावरून मंदिराचा काळ ठरवू नये. जे निश्चित कळले ते निश्चित म्हणून लिहावे, जे अनुमान आहे ते अनुमान म्हणून लिहावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पूर्व विदर्भात मालगुजारी काळातील साडेसहा हजारांवर तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. त्यांपैकी कित्येकांत गाळ साचला आहे. पाण्याची मूळ वाट कोणती, पाणी सोडण्याचे तुडूम कोठे होते, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यावयाचा रिवाज होता, हे जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याबरोबर हे ज्ञान लोपले, तर तलाव दुरुस्त करणाऱ्यालाही ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. रानाच्या आश्रयाने राहणाऱ्या गावांना आपला पिढीजात हक्क त्यान्वये मागता येतो. मात्र त्यासाठी पुरावा द्यावा लागतो. कोणता पुरावा? गॅझेटियर व जमाबंदीचे अहवाल, निस्ताराच्या नोंदी. जुन्या विहिरी, दफनभूमी व देवस्थाने. आणि वृद्धांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत. म्हणजे कागद, जमीन व आठवण, हेच आपले तीन साक्षीदार! जे आदिवासी नाहीत अशा वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या गावाने आपला इतिहास जपला, त्याचे काम सुकर होते. ज्याने तो जपला नाही, त्याला आपल्याच रानात परक्यासारखे उभे राहावे लागते.

म्हणून मुलांनो, एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर गावाचा साधा नकाशा काढा, आणि त्यात तलाव, बोड्या, आखर, मातामाय, विहिरी व जुनी झाडे दाखवा. पुढील पानांवर शेतांची नावे लिहा. मग घरातील आजी-आजोबांपाशी बसा. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ते झाडीबोलीत बोलोत, पोवारीत बोलोत की गोंडीत. त्यांचे शब्द बदलू नका. कोणी सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले, हेही त्यांची अनुमती घेऊन नोंदवा. वही पूर्ण झाली, की ती शाळेच्या कपाटात ठेवा. पुढील वर्षीचे विद्यार्थी तिच्यात भर घालतील, आणि ज्या गावाला इतिहास नाही असे म्हटले जात होते, त्याच्या इतिहासाचे पहिले पुस्तक तुमच्या हस्ताक्षरात तयार होईल.