अंबरनाथ ते एदोगावा : योगेंद्र पुराणिकांची वाटचाल

जपानमध्ये उद्योगातून राजकारणात आणि तेथून तंत्रज्ञानाच्या नियमनापर्यंत जाणारी वाट अनेकदा घराण्याच्या अंगणातून जाते. १ सप्टेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या डिजिटल एजन्सीचे, म्हणजे सरकारी संगणकव्यवस्थेची मानके ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पहिले मंत्री हिराई ताकुया हे पूर्वी एका प्रसारण कंपनीचे अध्यक्ष होते. पण त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही मंत्रिपद भूषवून गेले होते. सरकारी कामकाजातील फ्लॉपी डिस्कची सक्ती मोडीत काढणारे कोनो तारो राजकारणात येण्याआधी ‘फुजी झेरॉक्स’मध्ये होते आणि त्यांच्याही मागे दोन पिढ्यांचा राजकीय वारसा होता. अंबरनाथला १९७७ मध्ये जन्मलेल्या योगेंद्र पुराणिकांपाशी असे काहीच नव्हते, म्हणूनच संगणक आणि बँकिंग क्षेत्रातून लोकप्रतिनिधित्वापर्यंतची त्यांची वाटचाल अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे.

पुराणिक पुढे जिथून निवडून आले, तो तोक्योचा एदोगावा विभाग आणि शेजारचे इचिकावा शहर यांची हद्द नदीने आखलेली आहे. तोझाई मेट्रोमार्ग एदोगावातील निशी-कासाई आणि कासाई ही स्थानके मागे टाकून उरायासूमार्गे इचिकावातील मिनामी-ग्योतोकु, ग्योतोकु आणि म्योदेनला पोहोचतो; उलट दिशेला तोच मार्ग कायाबाचो आणि ओतेमाची या वित्तीय केंद्रांत जातो. २००० च्या सुमारास जपानी कंपन्यांना संगणक-अभियंत्यांची गरज वाढली, तेव्हा आलेल्या भारतीयांना हा थेट प्रवास सोयीचा वाटला. शिवाय परदेशी भाडेकरूला घर देताना खासगी मालक जामीनदार मागत, तर सार्वजनिक गृहसंकुलांत ती अट नव्हती. एदोगावात अशा रीतीने हजारो भारतीयांची वस्ती झाली. त्याच लाटेत आलेल्या पुराणिकांनी पुढे बँकिंग क्षेत्रात, मिझुहो बँकेसारख्या संस्थेत, काम केले.

निवडणुकीपेक्षा अवघड पायरी नागरिकत्वाची होती. जपानमध्ये परकीय नागरिक कितीही वर्षे कर भरत असला, तरी त्याला मतदान करता येत नाही आणि उमेदवारीही मिळत नाही. दुसरीकडे, परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. पुराणिकांनी २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतले. त्यात जन्मभूमीतील मताधिकारही कायमचा सोडावा लागतो, त्यामुळे अशा निर्णयाला केवळ सोय म्हणणे अन्यायाचे ठरेल.

एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा विभाग-परिषदेसाठी, म्हणजे आपल्याकडील महानगरपालिकेशी साधारण जुळणाऱ्या सभागृहासाठी, संवैधानिक लोकशाही पक्षातर्फे उभे राहिले. तेथे प्रभाग नसतात. संपूर्ण विभाग हा एकच मतदारसंघ असतो, प्रत्येकाला एकच मत असते आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले ४४ जण निवडून येतात. या पद्धतीत बहुमत लागत नाही, पण काही हजार माणसांचा पक्का विश्वास लागतो, आणि घराण्याचा आधार नसलेल्या उमेदवाराला एवढी फट पुरेशी ठरते. मतदार कोऱ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव स्वतः पेन्सिलीने लिहितो, चुकीचे वा अवाच्य लिहिले तर मत बाद होऊ शकते. म्हणून पुराणिकांनी ‘योगी’ हे छोटे नाव सोप्या हिरागाना लिपीत, अवघ्या दोन अक्षरांत दिले. त्यांना ६,४७७ मते मिळाली आणि ते पाचव्या क्रमांकावर निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी मानले जातात. ज्यांच्यासाठी बोलण्याची त्यांची इच्छा होती, त्या परकीय नागरिकांपैकी एकालाही मात्र त्यांना मत देता येत नव्हते. आणि त्याच मेट्रोने प्रवास करणारा नदीपलीकडचा इचिकावाकर जपानी नागरिक असला, तरी त्याचे मत दुसऱ्या सभागृहासाठी मोजले जाते.

तोक्यो महानगर परिषदेसाठी २०२१ मध्ये केलेला प्रयत्न अयशस्वी झाला. त्यानंतर ते इबाराकी प्रांताच्या शिक्षण सेवेत गेले, जिथे शिक्षणक्षेत्राबाहेरच्या व्यक्तींना खुल्या निवडीतून मुख्याध्यापक नेमण्याची पद्धत सुरू झाली होती. आधी उपमुख्याध्यापक आणि एप्रिल २०२३ पासून मुख्याध्यापक म्हणून त्यांनी त्सुचिउरा येथील शंभराहून अधिक वर्षे जुन्या शासकीय विद्यालयाची सूत्रे हाती घेतली.