एक आडनाव, किती मुळं? 'पाटील' आणि संशोधनातलं एक गृहीतक

येडगाव धरणाजवळच्या टपरीवर चहा पीत होतो. सोबतच्या मित्राने आपलं आडनाव पाटील सांगितलं, तर शेजारी बसलेले आजोबा लगेच म्हणाले, "हुद्द्याचे का आडनावाचे?" मला हसू आलं. पण घरी येऊन माझी एक्सेल शीट उघडली आणि हसू गेलं. त्यात मी सगळे पाटील एकाच गटात टाकले होते!

आजचा विषय तोच: आडनाव हा 'डेटा' म्हणून वापरण्याआधी काय तपासायचं?

आधी शब्द. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या ताम्रपटांत 'पट्टकिल' हा गावच्या प्रमुखाचा उल्लेख येतो. 'पाटील' आणि गुजरातीतलं 'पटेल' यांची व्युत्पत्ती साधारणपणे तिथूनच सांगतात. म्हणजे हे मुळात कुळाचं नाव नाही, कामाचं आहे. सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे, गावाच्या वतीने सरकारदरबारी उभं राहायचं. ही पाटीलकी वतन होती. ती वारशाने मिळे, तिचे हिस्से पडत, ती विकलीही जाई.

आता गंमत बघा. हुद्दा नावाला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी चिकटला.

पहिली तऱ्हा: मूळ आडनाव राहिलं, पाटील मागे जोडलं गेलं. आंबेगाव तालुक्यातले वळसे-पाटील, आढळराव पाटील ही आपल्या शेजारचीच उदाहरणं.

दुसरी: मूळ आडनाव मागे पडलं. क्रांतिसिंह नाना पाटील यांचं मूळ आडनाव पिसाळ. आज किती जणांना ते माहीत आहे?

तिसरी: लोक पाटील म्हणत, पण आडनाव बदललंच नाही. महादजी शिंदे 'पाटीलबावा' म्हणून ओळखले जात, घराणं मात्र शिंदेच राहिलं.

आणि गाव ज्याचं, पाटीलकी त्याची. म्हणून मराठा पाटील आहेत, रायगड-ठाण्याकडे आगरी आणि कोळी पाटील, जळगावकडे लेवा, कोल्हापूर-सांगलीकडे जैन आणि लिंगायत. मुस्लिम पाटीलही आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील जैन, दि. बा. पाटील आगरी. आडनाव एक, पण मूळ पुरुष एक नाही.

इथे संशोधनाचा मुद्दा येतो. 1965 मध्ये क्रो आणि मँज यांनी एक पद्धत मांडली. समाजात नवरा-बायकोचं जन्माचं आडनाव एकच असलेल्या लग्नांचं प्रमाण काढा, त्याला 4 ने भागा, आणि नात्यातल्या लग्नांमुळे येणाऱ्या अंतःप्रजननाचा अंदाज मिळतो. सोपं, स्वस्त. पण त्याखाली एक गृहीतक आहे: प्रत्येक आडनाव एकाच पूर्वजापासून आलं. पाटलांवर हे सूत्र लावलं, तर रक्ताचं काहीच नातं नसलेले दोघे कागदावर नातेवाईक ठरतात. अंदाज फुगतो. उलट वळसे आणि वळसे-पाटील अशा दोन नोंदी असतील, तर सॉफ्टवेअर त्यांना वेगळे मोजेल, जरी घर एकच असलं तरी.

हीच चूक आडनावावरून जात 'ओळखताना' होते, आणि ती फक्त थिसिसपुरती राहत नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा जुन्या दप्तरातली जातीची नोंद बघितली गेली. नुसत्या आडनावावर दाखला मिळत नाही. मग आपला निष्कर्ष तरी आडनावावर का उभा राहावा?

तर फील्डवर जाताना तीन प्रश्न सोबत ठेवा. हे आडनाव घराण्याचं, गावाचं की हुद्द्याचं? कागदावर ते कधीपासून येतं? त्याआधी काय लिहीत होते? उत्तर मिळेपर्यंत आडनाव शीटमध्ये जसंच्या तसं लिहा. गट नंतर पाडा. मूळ रकाना पुसू नका, हे मी चूक करून शिकलो.

राहता राहिला आजोबांचा प्रश्न. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद रद्द झालं. पोलीस पाटील आजही नेमले जातात, आणि त्यांचं आडनाव काहीही असू शकतं. म्हणजे आज बहुतेक पाटलांकडे पाटीलकी नाही, आणि गावच्या पाटलाचं आडनाव पाटील असेलच असं नाही. आजोबांनी एका वाक्यात माझा व्हेरिएबल दोन भागांत तोडून दिला होता.