गाडी विकली, पण नाव कोणाचे?

नाशिक जिल्ह्यात जुन्या उघड्या जीपगाड्या अजून दिसतात. वर लोखंडी छत नाही. कापडी टप असतो. उन्हाळ्यात तो मागे दुमडायचा, पावसात ओढून बांधायचा. ही जीप मूळची अमेरिकेची, लढाईसाठी बनलेली. १९४७ साली महिंद्र कंपनीने ती आपल्या देशात जोडायला घेतली. पुढे नाशिकच्या सातपूर भागातही या कंपनीचा कारखाना उभा राहिला. तेव्हा जीपची नाडी ओळखणारा मिस्त्री शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

अशी एखादी जीप विकायची आहे असे समजा. गाडी चालती आहे, पण किरकोळ दुरुस्ती निघाली आहे. टप दोन ठिकाणी उसवला आहे. सायलेन्सरला भोक पडले आहे. ब्रेकचे तेल थोडे पाझरते. आता दुरुस्ती करून विकावी, की आहे तशी?

आमचे म्हणणे असे. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग आधी नीट करून घ्यावे. गिऱ्हाईक गाडी चालवून बघणार. तेव्हाच ब्रेक लागला नाही तर काय घ्या? टप उसवला असेल तर ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घ्यावा. खर्च थोडा, पण गाडी नीटनेटकी दिसते. मात्र नवा रंग मारू नये. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस फार. तिकडच्या गाडीचा पत्रा खालून गंजतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. ताजा रंग दिसला की तो म्हणतो, "खाली काय झाकलंय?" मग भाव वाढायचा तो उतरतो. जे मोडके आहे ते आपणच दाखवावे, आणि ते विक्रीच्या कागदावर लिहावे. म्हणजे महिन्याने कोणी भांडायला येत नाही.

गाडी चालवून पाहायला देताना लायसन बघावे आणि आपला माणूस शेजारी बसवावा. विसार घेतला तर पावती द्यावी. चेक दिला असेल तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत किल्ली देऊ नये. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकराच्या कायद्याने मनाई आहे.

हे सगळे बहुतेक लोक सांभाळतात. चूक होते ती पुढे. पैसे मिळाले, किल्ली दिली, पेढे वाटले. गाडी गेली. पण नाव?

शेत विकले की तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सात-बारावर नवे नाव चढते. गाडीचा सात-बारा म्हणजे आर.सी. बुक. त्यावर ज्याचे नाव, तो कायद्याने मालक. एक खरा खटला सांगतो. एकाने २००७ साली मोटार विकली. ती पुढे या हातातून त्या हातात गेली, पण बुकावर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या मोटारीने अपघात होऊन एकाचा जीव गेला. पहिला मालक म्हणाला, मी तर गाडी केव्हाच विकली. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली निकाल दिला की, बुकावर नाव आहे तोच मालक, भरपाई त्यानेच द्यावी. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा भुर्दंड!

म्हणून आर.टी.ओ.कडे विक्री कळवावी. नाशिकचे कचेरीचे ठिकाण पेठ रोडला आहे. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. जमत नसेल तर शिकलेल्या पोराला शेजारी बसवावे. विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० वर नाव बदलून मागायचे असते. त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून दलालाच्या हाती देणे हा घातक प्रकार आहे. तो फॉर्म वर्षभर त्याच्या खिशात राहतो, आणि गाडी तुमच्या नावाने फिरते. चलानही तुमच्याच मोबाईलवर येते.

सात-बारावर सोसायटीचा बोजा असतो ना? तसा बुकावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटले तरी तो आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला घेऊन फॉर्म ३५ द्यावा लागतो. आमच्या पेठ-सुरगाण्याकडून गाडी गुजरातेत जाणार असेल तर आधी आपल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला काढावा. गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीची मुदत पाहावी. ती नंतर दर ५ वर्षांनी वाढवून घ्यायची असते.

ताबा देताना साधी पावती करावी. तीत गाडीचा, इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर, तारीख आणि वेळसुद्धा लिहावी. वेळ कशाला? संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि आठला काही घडले, तर ती कोणाच्या ताब्यात होती ते कागद सांगेल. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत आपल्या ट्रंकेत ठेवावी. मग महिन्याने मोबाईलवरच्या सरकारी परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घालून, नाव बदलले का ते पाहावे. बदलले नसेल तर पावती घेऊन पेठ रोडची कचेरी गाठावी.